सहल लंडनची, वाट चिंचवडची

‘सर, तेवढा इतिहास घाला त्यात,’ मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

आमटीत मीठ घाला म्हणावे इतक्या सहजपणे त्यांनी हे सांगितले आणि एक गुळगुळीत रंगीत कागद माझ्यापुढे सरकवला. कागदावर थेम्स नदी होती, तिच्यावरचा तो प्रसिद्ध दोन बुरुजांचा पूल होता आणि वर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘लंडन – इतिहासाच्या पाऊलखुणा. सात रात्री, आठ दिवस.’

हा प्रसंग गेल्या पावसाळ्यातला. शाळा पिंपरी-चिंचवडच्या एका उपनगरातली. तिचे नाव सांगत नाही. कारण पुढे जे घडले त्यात तिचा दोष असा काही नाही आणि पाठ थोपटावी असेही अद्याप काही झालेले नाही. आमची धाकटी त्या शाळेत नववीत आहे. इतिहासाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि मराठी शिकवणाऱ्याला इतिहास येतोच असा एक गोड समज आपल्याकडे आहे. तो दूर करण्याचा प्रयत्न मी कधी केला नाही, याची शिक्षा म्हणून तो कागद घेऊन मी घरी आलो.

रात्री जेवणे झाल्यावर कागद नीट वाचला. पहिल्या दिवशी विश्रांती. दुसऱ्या दिवशी मेणाचे पुतळे. तिसऱ्या दिवशी नदीकाठचे मोठे चक्र. चौथा दिवस जादूगार मुलाच्या सिनेमाचा स्टुडिओ पाहण्यात जाणार. दोन दुपारी खरेदी. सहाव्या दिवशी सकाळी मात्र इतिहासाची पाऊलखूण उमटली होती : ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय (शिवाजी महाराजांची वाघनखे).’

मी मोठ्याने हसलो. ती वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर लंडनहून साताऱ्याला आली आणि तिथल्या शासकीय संग्रहालयात मांडली गेली, हे वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले होते. सातारा आमच्या दारापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जे पाहायला मुले सात हजार किलोमीटर जाणार, ते एस.टी.च्या टप्प्यात येऊन बसलेले!

‘हसताय काय?’ सौभाग्यवतींनी विचारले. ‘खर्च वाचलात का?’

वाचला होता. माणशी पावणेतीन लाख. नववीच्या तीन तुकड्यांत मिळून एकशे अठरा मुले. त्यांतली एकतीस नावे आली होती. आमच्या धाकटीचे नाव तिच्या आजोबांच्या मुदत ठेवीच्या भरवशावर बत्तिसावे व्हायचे होते. त्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : पंधरा विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाची जागा विनामूल्य. एक जागा बाईंची ठरलेली. दुसरीचे काय, हे बाईंनी मला कागद देताना जसे सांगितले नव्हते, तसेच सांगायचे ठेवलेही नव्हते.

इथे एक कबुली देऊन टाकतो. गेली वीस वर्षे मी वर्गात लंडनविषयी बोलत आलो आहे. लोकमान्य, गोखले, सावरकर, आंबेडकर ही नावे उच्चारायची तर त्या गावाला वळसा घालून जाता येत नाही. त्या शहराचा नकाशा मला आळंदीच्या नकाशाइतका ठाऊक आहे. पण माझ्या पासपोर्टवर आजवर एकही शिक्का नाही. फुकट जागेची ती ओळ वाचताना माझे मन अगदी निर्विकार होते असे लिहिले तर सौभाग्यवती हा अंक वाचणार आहेत.

तर इतिहास घालायचा. पण तो कोठून आणायचा? आमच्या या गावाविषयी बाहेरच्यांचे, आणि खरे म्हणजे आतल्यांचेही, मत असे की, त्याला इतिहासच नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग मोटारींचे, स्कूटरांचे कारखाने आले, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका, संपला इतिहास! मी विचार केला, निदान इथूनच सुरुवात करून पाहू. पिंपरीच्या त्या कारखान्यात काय तयार होत असे? पेनिसिलीन. आणि पेनिसिलीनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ साली कोठे लावला? लंडनमध्ये, पॅडिंग्टनच्या सेंट मेरी रुग्णालयात. मी जागेवरून उठलोच. एच.ए. कॉलनीतून रोज सायकलीने शाळेत येणारी दहा-बारा मुले तरी या तुकड्यांत होती.

मग एक नियम केला. लंडनमधले जे ठिकाण पाहायचे त्याचे दुसरे टोक आपल्या मुलुखात असले पाहिजे. दोरीला दोन टोके हवीत. एकच असेल तर ती नुसती लोंबते. या नियमाने मेणाचे पुतळे गळाले. जादूगार मुलगा गळाला तेव्हा मात्र धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अखेर तडजोड म्हणून तो राहिला.

बाईंना मी एकच अट घातली. शनिवारचे दोन तास मला द्या, पण जाणाऱ्या एकतीस मुलांचे नव्हे. सगळ्या एकशे अठरांचे. बाई जरा थबकल्या. ‘जाणार नाहीत त्यांना वाईट नाही का वाटणार, सर?’ म्हणाल्या. तो प्रश्न मी त्या दिवशी हसण्यावारी नेला. नेऊ नये होता.

पहिल्या शनिवारी वाघनखांची पेटी काढली. म्हणजे अर्थात तिचे वर्णन. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ, ज्याने मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली लंडनमध्ये तीन खंडांत छापला, त्याच्या घराण्याकडून ही वाघनखे त्या संग्रहालयात गेली. पेटीवरच्या मजकुराचा आशय मी फळ्यावर लिहिला : ज्या वाघनखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारले ती ही, ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना पेशव्यांच्या पंतप्रधानाने त्यास दिली. ‘यात चुका शोधा,’ म्हटले.

वर्गात क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला, ‘सर, अफजलखान मोगलांचा नव्हता. आदिलशाहीचा होता.’ वेण्या घातलेली, किरकोळ अंगाची मुलगी. मी म्हटले, ‘शाबास, आणखी?’ ती पुन्हा उठली. ‘पेशवा म्हणजेच पंतप्रधान ना, सर? मग पंतप्रधानाचा पंतप्रधान कसा?’

संग्रहालयानेही ही वाघनखे महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही असे म्हटले आहे, हे मी सांगितल्यावर दोन-तीन मुले खट्टू झाली. एकाने विचारले, ‘मग साताऱ्याला एवढी गर्दी का झाली?’ याचे उत्तर मी दिले नाही. माझ्याजवळ तयार होते, पण ते पुस्तकी होते.

दुसऱ्या शनिवारी रंगो बापूजी. वाचकहो, या गृहस्थाची कथा आपण मुलांना का सांगत नाही हे मला कोडे आहे. १८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि थोडीथोडकी नव्हे, चौदा वर्षांच्या आसपास तिथे राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीत भागधारकांच्या सभा होत. तिथे हा मराठी वकील आपल्या धन्याची बाजू मांडत राहिला. १८४७ साली धनी काशीला वारले. १८४८ साली साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. तरी हा माणूस पाच-सहा वर्षे तिथेच! शेवटी रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या धामधुमीत साताऱ्याच्या कटात त्यांचे नाव आले, मुलगा फासावर गेला आणि स्वतः रंगो बापूजी कोठे नाहीसे झाले ते इंग्रजांना शेवटपर्यंत कळले नाही.

‘ती कचेरी बघायची का आम्ही?’ एका मुलाने विचारले. त्याचे नाव एकतिसांत होते.

‘ती आता नाही,’ मी सांगितले. कंपनी बुडाल्यावर १८६० नंतर लवकरच ती इमारत पाडली. आता त्या जागी लॉइड्सची पोलादी-काचेची इमारत उभी आहे. जिचे नळ आणि जिने सगळे बाहेरच्या अंगाला आहेत.

‘मग बघायचे काय?’

‘जागा,’ मागच्या बाकावरची ती मुलगी पुटपुटली. मी ऐकले, बाकी कोणी ऐकले नाही.

तिसरा शनिवार आमच्या चिंचवडचा. चापेकर चौकातून रोज जाणाऱ्या मुलांना मी विचारले, २२ जून १८९७ या दिवशी काय घडले? पुष्कळांना ठाऊक होते. प्लेगच्या दिवसांत पुण्यात घराघरांत सोजीर घुसवणारा अधिकारी रँड, आणि त्याच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडणारे दामोदरपंत चापेकर. दुसऱ्या गाडीतल्या आयर्स्टवर बाळकृष्णपंतांनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला वारला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला फाशी झाली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात बाळकृष्ण, वासुदेव आणि त्यांचे मित्र महादेव रानडे यांना. चिंचवडगावातल्या एका आईचे तीन मुलगे!

‘आणि त्याच दिवशी लंडनमध्ये काय चालले होते?’

हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या मंगळवारी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाची मिरवणूक लंडनच्या रस्त्यांतून निघाली होती. राणी थकलेली, तिला पायऱ्या चढवेनात. म्हणून सेंट पॉलच्या देवळापुढे, पायऱ्यांखालीच तिची गाडी थांबवून गाडीत बसल्या बसल्या प्रार्थना झाली. त्याच उत्सवाचा पुण्यातला भाग म्हणजे गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यातली मेजवानी, आणि तीच आटोपून रँड परतत होता. तो बंगला म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. सेंट पॉल हे एक टोक, गणेशखिंड हे दुसरे.

आता वर्ग पेटला. एका मुलाने विचारले, ‘सर, आयर्स्टने काय केले होते?’ वर्ग एकदम गप्प झाला. चांगला प्रश्न पडला की वर्ग असाच गप्प होतो, हा वीस वर्षांचा अनुभव. मी गोखल्यांची गोष्ट सांगितली. त्याच उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याच्या मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे सोजिरांच्या अत्याचारांविषयी जाहीर निवेदन केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. तो देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याबद्दल आपल्याच लोकांचे बोल पुढे कित्येक वर्षे खाल्ले. माफी मागितली ते बरोबर की चूक? घंटा झाली तरी मुले उठेनात. आमची धाकटी गोखल्यांच्या विरुद्ध पक्षात होती. घरी आल्यावरही होती.

पण त्या दिवसाचा मानकरी प्रश्न वेगळाच. वेण्यावाली उभी राहिली. ‘सर, राणीची प्रार्थना चालली होती तेव्हा इथे किती वाजले होते?’

मी म्हटले, ‘साडेपाच तास मिळव.’

‘पण सर,’ ती म्हणाली, ‘साडेपाच तास तेव्हा होते का?’

मी फळ्यापाशी उभा राहिलो. नव्हतेच! भारताची एक प्रमाणवेळ ठरली १ जानेवारी १९०६ रोजी. त्यापूर्वी मुंबईची वेळ ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे आणि रेल्वे चालायची त्या मद्रास वेळेचे अंतर पाच तास एकवीस मिनिटे. सोमवारपर्यंत तिने वहीत दोन्ही गणिते मांडून आणली. प्रार्थना भर दुपारची. म्हणजे इथे संध्याकाळचे पाच वाजायच्या सुमारास, मेजवानीची तयारी चालली असताना. आणि मध्यरात्रीच्या सुमारास इथे गोळी सुटली तेव्हा लंडनमध्ये नुकती संध्याकाळ होती. जून महिना, उजेड अजून भरपूर; रस्त्यांत उत्सवाची गर्दी तशीच असणार. माझ्या आराखड्यात ग्रिनिच नव्हते. ते तिने घातले.

ती जाणाऱ्यांत नाही, हे मला त्याच दिवशी कळले.

पुढचे शनिवार भराभर गेले. हायगेटचे इंडिया हाउस, जिथे सावरकर राहिले. चापेकर फासावर गेल्यावर ज्या शाळकरी पोराने भगूरला कुलदेवतेपुढे शपथ घेतली तोच हा. हाउली प्लेसचे घर, जिथे चिरोलवरच्या खटल्यासाठी १९१८-१९ मध्ये लोकमान्य राहिले आणि खटला हरले. किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर, जिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर राहत; ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन त्याचे स्मारक केले. त्याचे दुसरे टोक आमच्या देहूरोडला : २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. एका मुलाने सांगितले की, त्याच्या पणजोबांनी तो सोहळा पाहिला होता. मी म्हटले, पुढच्या वेळी पणजोबांचे जे काही आठवत असेल ते घरून लिहून आण. त्याने चार पाने आणली. ती चार पाने मी शिकवलेल्या सगळ्यापेक्षा सरस होती.

चाकणच्या संग्रामदुर्गाला मात्र लंडनचे टोक सापडेना. १६६० साली शाएस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट पन्नासांहून अधिक दिवस झुंजवला, शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा तो पडला. आज त्याच्याभोवती बाजार आहे आणि बाजाराभोवती कारखाने. नियम मोडला तरी चालेल, पण चाकण घ्यायचेच, असे मुलांनी बहुमताने ठरवले. टोक पुढे सापडले, पण ते भलतीकडेच.

दरम्यान पासपोर्टांचे प्रकरण सुरू झाले. अठराच्या आतल्या मुलांचा पासपोर्ट, फी एक हजार रुपये. काम सोपे दिसते. पण वडिलांच्या आधारकार्डावर ‘दत्तात्रय’ आणि जन्मदाखल्यावर ‘दत्तात्रेय’ असेल तर ते दोघे एकच गृहस्थ आहेत हे सिद्ध करण्यात जो वेळ जातो त्यात रंगो बापूजींची एखादी कैफियत लिहून व्हावी. त्यानंतर व्हिसा. बोटांचे ठसे, आईबापांची संमतिपत्रे, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे. एका आईने मला विचारले, ‘सर, आमच्याकडे कांदालसूण चालत नाही, तिकडे जेवणाचे काय?’ मी त्यांना हणमंतरावाची हकीकत सांगितली. राघोबादादांचा हा ब्राह्मण वकील १७८१ साली इंग्लंडला गेला तेव्हा त्याच्या सोवळ्याचे काय करावे असा पेच पडला. अखेर पार्लमेंटातले प्रसिद्ध वक्ते एडमंड बर्क यांनी त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या वाडीत नेले आणि बागेतले काचघर स्वयंपाकाला मोकळे करून दिले. बाईंचे या उत्तराने समाधान झाले नाही. त्यांनी ठेपले बरोबर देण्याचे ठरवले.

मग पालकांची सभा झाली. एका गृहस्थांचे म्हणणे असे की, इतिहासाचा एवढा आग्रह कशाला, मुलांना एक्स्पोजर मिळाले म्हणजे झाले. दुसऱ्यांना शनिवारचे तास आवडले होते, पण शंका अशी की, पैसे भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या मुलांना एकच तयारी कशी? हा प्रश्न ऐकून मला राग आला. पण बाईंचा तो पहिला प्रश्न आणि हा, दोन्ही एकाच खुंटीवर टांगलेले आहेत हेही जाणवले. मी एकशे अठरा मुलांना चार महिने एका गावाची ओढ लावली होती, आणि त्यांतल्या सत्त्याऐंशींना ते गाव दिसणार नव्हते. तेव्हा कोणीतरी सुचवले की, वर्गणी काढून एका हुशार मुलीला तरी नेऊ. सगळ्यांची मान त्या वेण्यावालीकडे वळली. म्हणजे तिच्या वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे. ते पाळीवर होते.

मी ट्रॅव्हलवाल्यांना विचारून पाहिले, माझी फुकटची जागा मुलीला देता येईल का? नाही म्हणाले. इतक्या मुलांमागे इतकी मोठी माणसे लागतातच. मोठ्याची जागा मोठ्यालाच. हे ऐकून मला दुःख झाले की हायसे वाटले, याचा शोध मी फार खोल घेतला नाही. ती जागा मी घेतली आहे. वाचकांचा माझ्याविषयी गैरसमज नको म्हणून हे इथेच लिहून टाकतो.

वर्गणीची गोष्ट घेऊन मी भोसरीला गेलो. गुरुवारी, कारण भोसरीच्या औद्योगिक भागाची सुट्टी गुरुवारी असते. दोन खोल्यांचे घर. वडील बीडकडचे, सोळा वर्षांपूर्वी आले. एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतात. उजव्या हाताच्या करंगळीचे पेर गेलेले. त्यांनी मला खुर्ची दिली, आपण खाली बसले.

‘सर, तुम्ही घरापर्यंत आलात, लई मोठं केलंत,’ ते म्हणाले. ‘पण वर्गणी नको. एक तर तिकीट निघालं तरी कपडे, थंडीचं जर्किन, खर्चाला पैसे हे आलंच. ते मी करीन, उसनं काढीन. पण तिच्या पाठचा एक पोरगा हाय. त्याला काय सांगू, तू हुशार नव्हतास म्हणून? आन् दहा घरच्या पैशानं गेलेली पोर तिथं फोटोत कडेला उभी राहती, सर. मी बघितलंय कडेला उभं राहणं.’

मी गप्प बसलो. चहा आला. मग तेच हसून म्हणाले, ‘तसं आमचं लंडनशी नातं हाय बरं का. ती ट्रायम्फ मोटरसायकल, इंग्रजाची. चाकणला बनती ना आता?’ बरोबर होते. २०२३ पासून ते इंग्रजी नाव लागलेली गाडी बजाज कंपनी चाकणला बनवते. ‘तिचं स्टँड आमच्याकडं प्रेसवर निघतं. इंग्रजाची गाडी उभी राहती ती आमच्या जिवावर!’

संग्रामदुर्गाचे दुसरे टोक हे असे सापडले.

निघताना त्यांनी एक मागणे मागितले. मी वर्गात फळ्यावर लिहितो त्या ठिकाणांची यादी त्यांना हवी होती. लंडनची नव्हे, इकडची. सोळा वर्षे चापेकर चौकातून ये-जा करतात, पण वाड्यात कधी गेले नाहीत. पुढच्या गुरुवारी शाळा बुडवून ती चौघे चिंचवडला गेली. मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेतले, पवनेच्या घाटावर डबा खाल्ला आणि चापेकर वाडा पाहिला. पोरीने वही भरून आणली. तिच्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला येत नाहीत. त्यांतले काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरांत सापडतील असे वाटते. ते मी माझ्या नावाने टिपून घेतले आहेत.

तेव्हा आता ठरले आहे ते असे. फेब्रुवारीत एकशे अठरा मुलांची सहल चार लाल गाड्यांतून : चिंचवड, देहूरोड, चाकण, गणेशखिंड. साताऱ्याला मुक्काम. जाणाऱ्या मुलांना वेगळा बिल्ला नाही, वेगळी गाडी नाही. मे महिन्यात बत्तीस मुले लंडनला. लंडनच्या प्रत्येक ठिकाणासाठी न जाणाऱ्या दोन-तीन मुलांचा एक गट प्रश्न काढणार आणि जाणाऱ्यांनी उत्तरे आणायची. एक्स्पोजरवाल्या गृहस्थांना हे पसंत नाही. ‘म्हणजे आमची मुले पोस्टमन,’ ते म्हणाले. त्यांच्या मुलाला मात्र रंगो बापूजींचा गट मिळाला आहे आणि तो सध्या लेडनहॉल स्ट्रीटचे जुने नकाशे शोधतो आहे.

सेंट पॉलचा गट त्या मुलीचा. तिने प्रश्नांच्या कागदाबरोबर एक सूचना जोडून दिली. लंडनची मुले दुपारी बरोबर बारा वाजता पायऱ्यांखाली, राणीची गाडी थांबली होती तिथे उभी राहतील. त्याच वेळी ती आणि तिचे वडील गणेशखिंडीच्या रस्त्यावर उभे असतील. दोन्हीकडून फोन जोडायचा आणि जे दिसते ते सांगायचे. मे महिन्यात तिकडची घड्याळे तासभर पुढे केलेली असतात. म्हणून अंतर साडेपाच नव्हे, साडेचार तासांचे, इथे तेव्हा दुपारचे साडेचार, हे तिने कंसात लिहिले आहे.

माझ्या आराखड्यात सेंट पॉल मंगळवारी होते. १८९७ ची ती मिरवणूक मंगळवारची म्हणून मी मुद्दाम तसे जुळवले होते. ते बदलून आता गुरुवारी नेले. एका दिवसासाठी सगळे वेळापत्रक हलवावे लागले, जादूगार मुलाची तिकिटेसुद्धा. ट्रॅव्हलवाल्यांनी वैतागून कारण विचारले. मी सांगितले, भोसरीला त्या दिवशी सुट्टी असते.